कोहळ्याले पहिला चाकू

माही बहीण रीना रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या एका टेंट हाऊसमध्ये पडदे शिवते. लोकाइच्या लग्नात वर छताले, खाली खुर्चीले जे गुलाबी-सोनेरी झालरीचं कापड लागलं राहते ना, ते असंच कोणीतरी दिवसभर मान मोडून शिवत असते. अकरा वर्षं झाली तिले. किती लोकाइचे मंडप तिच्या मशीनखालून गेले, मोजता येणार नाही. पण भनपुरीतल्या आमच्या दोन खोल्याइत बुद्धाची तसबीर अन् एक कॅलेंडर सोडलं तर भिंतीले कधी काही लागलं नव्हतं. तिनं पहिल्यांदा अन् शेवटचं आपलं घर सजवलं, त्याची ही गोष्ट आहे.

आमचे बाबा, श्यामराव, भंडाऱ्याहून रेल्वेच्या नोकरीसाठी रायपूरले आले. बाबा गेले, क्वार्टर गेलं, वर्षभरात मायही गेली. तेव्हा ताई एकोणीसची, मी सहाचा. तिनं कॉलेज सोडलं अन् मले वाढवलं. मी नववीत शाळा सोडली. ताईनं मले एक झापड मारली अन् दोन दिवस स्वतः जेवली नाही. तिची पोट्टी निधी दोन वर्षांची असताना भाऊजी भिलाईले गेले, तिकडंच दुसरं घर करून बसले. त्याइच्यावर मी एवढंच लिहीन, जास्त लिहिलं तर शिव्या निघतील.

निधी आता पाचवीत आहे. मोठी शाळा आहे, फीवाली. सरकारी कोट्यातून फुकट सीट लागली म्हणून ती तिथं गेली. ताईचा सगळा जीव त्या पोट्टीत. पोट्टीले मराठी समजते पण जवाब हिंदीतच देते. वर्गातल्या पोट्ट्याइच्या घरी ही वाढदिवसाले जाते, पण चार वर्षांत त्यातली एकही पोट्टी आमच्या दारातून आत आली नव्हती. तरी ताई निधीच्या प्रत्येक वाढदिवसाले दोन चॉकलेटं जास्त आणायची. कोणी आलंच तर, म्हणून. ती चॉकलेटं शेवटी मीच खायचो.

तर ऑक्टोबरात एक दिवस निधी घरी आली अन् बॅग फेकून रडाले लागली.

"काय झालं वं?" ताईनं इचारलं.

"हैलोवीन पार्टी किसके घर होगी पूछ रहे थे. मैंने हाथ उठा दिया."

"मग?"

"मग क्या मम्मी! सब आ जाएँगे!"

ताई हसली. मी तिले तसं हसताना बऱ्याच वर्षांत पाह्यलं नव्हतं. म्हणे, "येऊ दे ना. काहून रडून राहिली? येऊ दे."

हॅलोवीन म्हणजे काय ते आम्हाले मोबाईलवरूनच समजलं. अमेरिकेचा भुताचा सण. घरासमोर कोहळ्याले, म्हणजे लाल भोपळ्याले, नाक-डोळे कोरायचे, आत दिवा लावायचा, लाल-पिवळी पानं पसरायची, कारण तिकडं तेव्हा पानगळ राहते. ताईनं फोटो मोठा करून करून पाह्यला.

"पानं कुठून आणशील?" मी म्हटलं. "आपल्याइथं पानं होळीले गळतात. अन् आताची पानं पाह्य, फॅक्टरीच्या धुळीनं काळी पडली आहेत."

"तू चूप राय. मी अकरा वर्षं नकली फुलाइच्या मंडपात बसून राहिली. पानाचं मले नको सांगू."

गोलबाजारातून तिनं पत्रावळ्याइचा एक जुना गठ्ठा उचलला. सालाच्या झाडाच्या पानाची पत्रावळ, वाळून तपकिरी झालेली. दुकानदार फेकणारच होता. ताईनं त्याइचे टाके उसवले अन् कैचीनं एक-एक पान कापलं. काही चहाच्या पाण्यात बुडवली, काही हळदीत, काही महावरात, म्हणजे बाया पायाले लावतात त्या लाल रंगात. मग सुतळीत ओवून दारभर तोरण केलं. खरं सांगतो, फोटोतल्यापेक्षा चांगलं होतं.

मी ट्रान्सपोर्ट यार्डाजवळ पंक्चरच्या दुकानात काम करतो. ट्रकाची फाटकी ट्यूब आणली अन् कापून वटवाघळं केली, बावीस. जुन्या गादीचा कापूस ओढून कोळ्याचं जाळं केलं. भुतासाठी पांढरं कापड पाहिजे होतं. मी पेटीतली ताईची पांढरी साडी काढली, तर तिनं हातातून हिसकली.

"हे बुद्ध पौर्णिमेची आहे. हिचं भूत बनवतं का रे बेशरम?"

मग रेशनच्या तांदळाच्या रिकाम्या कट्ट्याइचं भूत केलं. त्याच्यावर सरकारी शिक्का होता, तो मागच्या बाजूले लपवला. टेंट हाऊसच्या काळ्या साटिनचे तुकडे उरले होते, त्यातून निधीचा चेटकिणीचा फ्रॉक झाला. सगळं मिळून पाचशेच्या आत बसलं, त्यात कोहळं सगळ्यात महाग.

कोहळं मीच आणलं सायकलवर. मोठं, पिवळंधम्मक. तीस तारखेच्या संध्याकाळी ताई ओट्यावर चाकू घेऊन बसली, तेवढ्यात बाजूची फुलेश्वरी काकी आली. काकी इथलीच, छत्तीसगढी. आमची माय गेली तेव्हापासून नळावर ताईचा नंबर तीच लावून ठेवते. चाकू पाहून ती ओरडलीच.

"ए रीना! माईलोगन मखना ला पहिली नइ काटय बेटी!"

इकडं कोहळ्याले मखना म्हणतात, अन् मखना म्हणजे घरातला मोठा पोट्टा, असं मानतात. बाईनं त्याले पहिला चाकू लावाचा नाही. माणसानं एक घाव घालून द्यायचा, मग बाई कापते. आमची मायही इथं येऊन तेच शिकली होती. बुद्धाच्या फोटोखाली बसून बाबाले आवाज द्यायची, या, कोहळ्याले हात लावा.

"काकी, आमच्यात हे चालत नाही," ताई म्हणाली. "अन् मोठा पोट्टा आहे कुठं माह्या घरी?"

काकीनं माह्याकडं बोट केलं. "ए हर तो हे. एला बोल, एक घाव मार दिही."

"याले?" ताई म्हणे, "हा दहावीपर्यंत नाही पोहोचला, हा काय कोहळ्यापर्यंत पोहोचते!"

काकीही हसली. मीही हसलो. मग काकी जाता-जाता म्हणाली, "हव, ठीक हे, तैं जान," अन् घरात गेली.

ताईनं मले मोबाईल देला. "काढ रे माहा. मंडप तर लोकाइचेच फोटोत येतात."

मी व्हिडिओ काढाले लागलो. ताईनं चाकू उचलला, कॅमेऱ्याकडं पाह्यलं, काकीच्या घराकडं पाह्यलं, अन् जोरात म्हणाली, "चल माह्या मोठ्या पोट्ट्या, ये!" अन् खचकन घातला. हसून-हसून तिचा पदर खाली पडला. तिचे हात बियाइनं भरले होते, म्हणून मीच तिच्या मोबाईलवरून तो व्हिडिओ टाकला. कुठं टाकला? वर्गातल्या मम्म्याइच्या ग्रुपवर. मले वाटलं, पाहू द्या सगळ्याइले माही बहीण कशी आहे ते. खाली मी लिहिलंही, 'कल सब आना जरूर.'

हे मी केलं, ताईनं नाही. हे लिहूनच ठेवतो.

दुसऱ्या दिवशी ताईनं अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली. मीही दुपारीच आलो. सहा पोट्ट्या येणार होत्या, पाच वाजता. ताई समोसे तळून राहिली होती. मले म्हणे, मोबाईल घे, भुताचे आवाज लावून पाह्य स्पीकरवर. मी मोबाईल उघडला तर ग्रुपवर ताईनं न पाह्यलेले एकोणतीस मेसेज.

पहिला पायलच्या मम्मीचा. 'रीना जी, मखना आपने खुद काटा? हमारे यहाँ तो लेडीज पहला चाकू नहीं लगातीं.'

मग दुसरी. 'और बोल क्या रही हैं सुनिए. बड़ा बेटा! मेरा तो एक ही बेटा है भई.'

मग कोणाच्या सासूनं व्हिडिओ पाह्यला, ती नाही म्हणाली. मग एकीच्या पोट्टीले बुखार. एकीकडं पाहुणे. एकीचं ट्यूशन. सगळ्यात शेवटी, 'वैसे भी भनपुरी बहुत दूर पड़ता है', अन् हात जोडलेलं चित्र.

मले आजही समजलं नाही का त्या कोहळ्याले भ्याल्या, का आमच्या पत्त्याले, का आमच्या आडनावाले. अमेरिकेची भुतं घरी बोलावतात, आपल्या पोट्ट्याइले चेटकीण बनवून फिरवतात, अन् माह्या बहिणीच्या चाकूले भेतात.

मी ताईले काही सांगतलं नाही. काय सांगू? ती कढईसमोर गुणगुणत होती. मी मोबाईल खिशात टाकला अन् वटवाघळं टांगत राह्यलो. बावीसच्या बावीस टांगली.

पाच वाजले. निधी काळा फ्रॉक, पुठ्ठ्याची टोपी घालून दारात. सव्वापाच. ट्रकाचा आवाज आला की ती रस्त्याकडं पाह्यची. साडेपाचले ताईनं कोहळ्यातला दिवा लावला. उजेडच होता अजून, तरी कोहळं हसून राहिलं होतं, दात काढून.

"ट्रॅफिक असंल," ताई म्हणाली. "मोबाईल कुठं आहे रे?"

"चार्जिंगले लावला."

निधीनं माह्याकडं पाह्यलं. ती पोट्टी मले ओळखते. सरळ आली अन् माह्या खिशातून मोबाईल काढून घेतला. मग तिनं ते सगळे मेसेज वाचले. मोठ्यानं. बुखार, पाहुणे, ट्यूशन, सगळं. ताई झारा हातात धरून ऐकत होती.

"व्हिडिओ मी टाकला," मी म्हटलं. "तिले माहीत नव्हतं."

निधी माह्याकडं वळलीच नाही. आईले म्हणाली, "आपने क्यों काटा? मामा थे ना घर में. मामा से कटवा लेते."

ताईनं गॅस बंद केला.

तेवढ्यात दारात गडबड झाली. काकीचे दोन नातू अन् गल्लीतले आणखी तिघं. तोंडाले तव्याची काजळी फासलेली, एकानं उलटा बनियान घातलेला. "भूत आगे! भूत आगे! चॉकलेट दे!" दुपारपासून वाट पाहून राहिले होते बिचारे, दिवा लागायची. कोहळं पाहून लहान्यानं टाळ्या वाजवल्या.

मी डबा उचलाले वळलो. निधी माह्याआधी दारात पोहोचली.

"तुम लोगों को किसने बुलाया? जाओ यहाँ से. गंदे."

अन् तिनं दार लावलं. कडी घातली.

पलीकडं मग चपलाइचा आवाज, दूर जाणारा. मी निधीवर हात उचलला, खरंच उचलला. ताईनं माहं मनगट धरलं.

"नको मारू," ती म्हणाली. "शिकायलेच पाठवली होती ना आपण तिले."

मग ती खाली बसली अन् पोट्टीच्या टोपीची दोरी सोडू लागली, गाठ बसली होती म्हणून. दोघीही रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मले बरं वाटलं असतं.

कोहळ्याचा गर तिनं आदल्या दिवशीच काढून ठेवला होता. सकाळी त्याची भाजी केली, वाटीभर झाकून काकीकडं पाठवली, वर मूठभर चॉकलेटं ठेवून. दुपारी वाटी आमच्या ओट्यावर होती. तशीच, झाकलेली, चॉकलेटासकट. मी काकीले समजावाले गेलो तर म्हणे, "लइका मन गंदा हे बेटा, झन खवाव." म्हणजे आमचे पोट्टे गंदे आहेत, त्याइले खाऊ घालू नका. आता नळावर ताई स्वतः पाच वाजता उठून नंबर लावते.

कोहळं चार दिवस टिकलं. रायपूरच्या गर्मीत त्याचे डोळे आत बसले, तोंड लोंबलं, दातावर बुरशी आली. मी उचलून नाल्याकडं टाकून आलो. ताईनं वटवाघळं अन् कापूस काढला, पण पत्रावळीचं तोरण तसंच आहे दारावर. काढाले कोणाचा हात जात नाही. त्याच्यावर काळी धूळ बसली आहे, हळदीचं पान कोणतं अन् महावराचं कोणतं, सांगता येत नाही.

ताई पडदे शिवते. आता लगीनसराई आहे. मी तिले एकदा म्हटलं, ताई, त्या दिवशी मी एक घाव घातला असता तर. तिनं मशीन थांबवली नाही. म्हणाली, "तरी आल्या नसत्या रे."

आता मार्च लागला. खरी पानगळ सुरू आहे, रस्त्याभर. निधी शाळेच्या गाडीतून आमच्या गल्लीसमोर उतरत नाही. अलीकडं, पेट्रोल पंपाजवळ उतरते, मोठ्या इमारती आहेत तिथं. ज्या दिवशी ताईले सुट्टी राहते, ती घ्याले जाते. पंपाच्या बाजूले झाडाखाली उभी राहते. गाडी पुढं जाऊन दिसेनाशी होईपर्यंत निधी तिच्याकडं पाहत नाही. मग चालाले लागते, अन् ताई तिच्या मागून, धा पावलं सोडून.