चिंचेने घासलेला सिंह

“माझा सिंह कुठे गेला?”

नॉर्वेच्या टँकरचा कॅप्टन माझ्या टेबलापाशी उभा राहून विचारत होता. त्याचं मेडल माझ्या तळहातावर लखलखत होतं. मी शाबासकीची वाट बघत होतो.

पन्नासच्या दशकात मी आखातातल्या अहमदीला तेल कंपनीच्या लॅबमध्ये केमिस्ट होतो. कॅप्टनने महायुद्धातलं हे मेडल सकाळी आमच्या साहेबांकडे दिलं होतं. वरची कडी तुटली होती. युद्धात बुडालेल्या सोबत्यांसाठी त्याच संध्याकाळी जहाजावर कार्यक्रम होता, आणि त्याला ते छातीवर लावायचं होतं. कडी मी पाच मिनिटांत जोडली. तिथेच थांबलो असतो तर!

पण मेडल काळपट तपकिरी. त्यावर मुकुट घातलेला, कुऱ्हाड धरलेला सिंह. आमचे स्टोअरकीपर हसनमियां रत्नागिरीचे. ते म्हणाले, “सावंता, असं काळं परत देतोस? आपली अब्रू काय राहील? चिंच नि मीठ लाव.” घरी आई तांब्याचा हंडा असाच घासायची. मीही घासलं.

“तो मळ नव्हता,” कॅप्टन म्हणाला. “तो रंग टांकसाळीने मुद्दाम दिलेला होता.”

नक्षी उथळ होती. खाचांतल्या काळेपणामुळेच ती उठून दिसायची. आता सिंहाचं गुळगुळीत मांजर झालं होतं. कुऱ्हाड तर शोधावी लागत होती. कॅप्टन रागावला नाही, नुसता खुर्चीत बसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेब म्हणाले, “मिस्टर सावंत, तांबं काळं करण्याचाच पगार घेता ना तुम्ही?”

खरंच की! कॉपर स्ट्रिप टेस्ट हे माझं रोजचं काम. घासलेली तांब्याची पट्टी तेलात बुडवायची. तेलातल्या गंधकाने ती जितकी काळवंडेल, तितकं तेल त्रासदायक. मेडल ब्राँझचं, म्हणजे बरंचसं तांबंच. पण ते तेलात बुडवायचा धीर होईना. गंधक उकडलेल्या अंड्यातही असतं, आणि हसनमियांच्या डब्यात दोन अंडी होती.

“अरे, माझं जेवण!”

“चिंच कुणी सुचवली?”

अंडी कुस्करून बरणीत घातली, वर मेडल टांगलं, झाकण लावलं. कॅप्टन समोरून हलला नाही. तीन तासांनी मेडल तपकिरी झालं. उंच भाग कापडाने हलकेच पुसले. आधी कुऱ्हाड दिसली, मग सिंह. कॅप्टनचे डोळे भरून आले. मग त्याने मेडल नाकाशी धरलं.

“कार्यक्रम डेकवर आहे,” तो म्हणाला. “वारा असेल.”

पुढच्या खेपेला त्याने जहाजाची पितळी घंटा लॅबमध्ये आणून ठेवली. “ही मात्र चिंचेने घास.”

मी तीनदा विचारलं, “नक्की मळच आहे ना?”