पुलाखाली आलेली काहील

चव्वेचाळीसच्या पावसाळ्यात आमच्या गार्डाची नेमणूक मिरजेजवळ, कृष्णेवरच्या रेल्वे पुलावर झाली. मी नाईक होतो आणि गार्ड कमांडर. हाताखाली सहा शिपाई. आम्ही सातही जण आघाडीवरून जखमी किंवा आजारी होऊन परतलेले. माझ्या उजव्या खांद्यात इटलीत धातूचा तुकडा घुसला होता. डॉक्टरांनी लाइट ड्यूटी लिहून दिली आणि डेपोने मला या पुलावर पाठवलं. आपल्याच मुलखात सहसा नेमणूक देत नाहीत. त्या वर्षी माणसं कमी पडली असावीत.

काम सोपं होतं. पुलाच्या दोन्ही टोकांना एकेक सेंट्री, दोन तास पहारा आणि चार तास विश्रांती. सकाळ-संध्याकाळ रुळांचे जोड आणि दगडी खांब तपासायचे. मिरजेच्या बाजूला पत्र्याची खोली होती आणि तिच्यात फील्ड टेलिफोन. हँडल फिरवलं की मिरज स्टेशनवरचे कॅप्टनसाहेब बोलत. ते विलायतेहून येऊन वर्षही झालं नव्हतं. हिंदुस्तानी बोलत, पण मोजकं.

पूल कुणापासून राखायचा हे सांगायला हवं. सातारा जिल्हा तेव्हा आजच्यापेक्षा मोठा होता. वाळवा आणि तासगाव त्यातच, आणि मधे मधे सांगली-मिरजेसारखी संस्थानं. बेचाळीसपासून जिल्ह्यातल्या पुष्कळ गावांनी इंग्रज सरकारला मानणं सोडलं होतं. तंटे गावातच मिटवायचे, गुंडांना शिक्षा गावानेच द्यायची, कोर्टाची पायरी चढायची नाही, असा त्यांचा कारभार चालला होता. सरकार त्याला उत्तर म्हणून पोलीस पार्ट्या पाठवी. घरं उकरत, ज्वारीत रॉकेल ओतत, माणूस मिळाला नाही तर त्याच्या म्हाताऱ्या बापाला चावडीपुढे उन्हात उभं करत.

आघाडीवर जाण्यापूर्वी आम्हाला एक लेक्चर झालं होतं. एक बलाढ्य देश शेजारच्या लहान देशांना गिळतो आहे, त्यांना त्यांचं राज्य करू देत नाही, म्हणून लढायचं. ते खरं होतं. गिळलेली गावं मी डोळ्यांनी पाहिली होती. पुलावर आल्यावर ते लेक्चर पुन्हा पुन्हा आठवू लागलं. कुणाशी बोललो मात्र नाही.

गार्डातले दोघे इथे महत्त्वाचे. शिपाई तातोबा आष्ट्याच्या बाजूचा. बोलणं कमी, नेम उत्तम. जूनमध्ये त्याच्या घराची झडती झाली होती. मुलगा पलटणीत आहे म्हणून आईने त्याचा युनिफॉर्ममधला फोटो पुढे केला, तो पोलिसांनी चुलीत घातला. हे त्याने मला एकदाच सांगितलं. दुसरा शिपाई दस्तगीर, खुद्द मिरजेचा. त्याच्या घरी तंबोरे करत. पोहायला तो तंबोऱ्याचे वाया गेलेले भोपळे कमरेला बांधून शिकला होता. त्यावरून सगळे त्याला छेडत. तो म्हणे, भोपळा माझ्यापेक्षा शहाणा, बुडत नाही आणि पलटणीत भरतीही होत नाही.

काठावर धुणं धुणाऱ्या बायका आम्हाला सोडत नसत. एक म्हातारी रोज विचारी, "काय रं गड्यांनो, पूल कोन उचलून नेतंय व्हय?" दस्तगीर वरून सांगे की नेलाच तर तुझ्या दारात ठेवू. ती हसायची. मग जाता जाता म्हणायची, "पुलाला पहारा, आन् मानसांना कुनी न्हाई."

श्रावणात वारणा आणि कृष्णा दोन्ही चढल्या. भूमिगत लोक नावेतून दारूगोळा आणून पूल उडवतील अशी खबर पोलिसांकडे होती. त्यांनी वरच्या गावांतल्या सगळ्या नावा काढून साखळ्यांनी बांधल्या. मला कॅप्टनसाहेबांचा हुकूम मिळाला. नदीतून पुलाकडे काहीही येताना दिसलं तर एकदा चॅलेंज, थांबलं नाही तर फायर. मी तो गार्डाला वाचून दाखवला. तातोबाने विचारलं की पुराच्या पाण्यात थांबायचं कसं. मी म्हणालो की हुकुमात ते लिहिलेलं नाही.

त्याच दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला पाऊस थोडा विरळ झाला. तातोबा मधल्या खांबावर होता. त्याने हाक मारली. मी धावत गेलो. वरच्या वळणावर काहीतरी काळं, गोल, हळूहळू फिरत येत होतं. तातोबा म्हणाला, "नाईक, काहील हाय."

काहील म्हणजे गुऱ्हाळात रस आटवायची लोखंडी कढई. आठ फुटांच्या आसपास रुंद, उथळ, उचलायला कडेला कड्या. पावसाळ्यात गुऱ्हाळं बंद असतात, तेव्हा ती तेल लावून पालथी ठेवतात. पूर आला की आमच्याकडचे लोक तीच पाण्यात सोडतात आणि पैलतीर गाठतात. नावा साखळीत होत्या. काहिलींना साखळी घालायचं पोलिसांना सुचलं नव्हतं.

एक म्हातारा गुडघ्यांवर बसून फळीने पाणी मारत होता. समोर एक बाई कड धरून बसली होती. मधे उसाचं पाचट आणि त्यावर पोती. पोत्यांखाली काय आहे ते दिसत नव्हतं. म्हातारा जाणता होता. दोन खांबांच्या बरोबर मधून निघेल अशी त्याने काहील वळवली होती.

मी खोलीत जाऊन हँडल फिरवलं.

"साहेब, नदी में कुछ आता है."

"बोट?"

"बोट नहीं, साहेब. काहील."

"वो क्या है?"

"गुड़ बनाने की कढ़ाई. बहुत बड़ी."

"कढ़ाई में आदमी है?"

"दो दिखते हैं. एक औरत है."

"और सामान?"

"बोरे हैं. नीचे का दिखता नहीं."

"चॅलेंज करो. नहीं रुका तो फायर."

"साहेब, पानी में वो रुक नहीं सकती."

"फायर, नाईक. मैं आता हूं." फोन बंद झाला.

मी परत आलो. काहील शंभर यार्डांवर होती. तातोबाने रायफल खांद्याला लावली होती. बाकीचे कठड्याशी. मी पलटणीत शिकवलेल्या आवाजात ओरडलो, "हॉल्ट! हँड्स अप!"

तो म्हातारा कोणी कोळी किंवा साधा शेतकरी असता तर शिव्या देत फळी मारत राहिला असता आणि दोन मिनिटांत पुलाखालून निघून गेला असता. पण तो पेन्शनर हवालदार होता. नाव दौलू. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढलेला. हे मला नंतर कळलं. हुकूम कानावर पडताच त्याने फळी सोडली आणि दोन्ही हात सरळ वर केले. पाठही ताठ केली. फळी वाहून गेली. काहील गरकन फिरली आणि मधल्या वाटेवरून सुटून तिसऱ्या खांबाकडे ओढली गेली.

तातोबा म्हणाला, "नाईक, ह्यो पलटनीतला हाय."

मलाही तेच दिसत होतं. काहील थांबलेली नव्हती. हुकुमाप्रमाणे आता फायर. पण माणसाने हात वर केले होते, आणि हात वर केलेल्या माणसावर गोळी घालायची नसते. हेही मला सरकारनेच शिकवलं होतं. मी म्हणालो, "ऑर्डर आर्म्स." सगळ्या रायफली खाली आल्या. तातोबाची सगळ्यात आधी.

काहील खांबावर आदळली. घंटेसारखा आवाज झाला आणि पुलाच्या लोखंडातून आमच्या पायांपर्यंत आला. खांबाला तपासणीसाठी लोखंडी शिडी होती आणि तिच्या तळाशी दगडाचा हातभर कट्टा. पाणी कट्ट्याला लागलं होतं. मी वळून पाहिलं तेव्हा दस्तगीरने बूट काढले होते. पाणी शेंदायचा दोर त्याने कमरेला बांधला आणि दुसरं टोक तातोबाच्या हातात दिलं. मला विचारलं नाही. मी काही बोलण्याआधी तो शिडीवर होता.

कट्ट्यावर ओणवा होऊन त्याने काहिलीची एक कडी पकडली. पाण्याचा जोर तिला खांबाच्या कडेने घासत नेत होता. बाईने पोतं दूर केलं. खाली तरणा माणूस होता, मांडी फडक्याने बांधलेली, फडकं रक्ताने काळं झालेलं. तो दौलू हवालदारांचा मुलगा शंकर, आणि ती त्याची बायको हौसा. पोलिसांच्या गोळीने मांडी फुटून दुसरा दिवस होता. प्रत्येक रस्त्यावर पोलिसांचं नाकं होतं. गोळी काढणारा सर्जन मिरजेला. सांगलीच्या पुलाखालून ते निभावले होते, तिथला पहारा संस्थानाचा, ढिला. आमच्या पुलापुढे मिरजेचा घाट जवळच होता.

दस्तगीरने दोर स्वतःच्या कमरेचा सोडला आणि शंकरच्या काखेतून बांधला. आम्ही चौघांनी ओढला. दोर परत खाली टाकला. तो दस्तगीरने हौसाला बांधला. ती म्हणत होती की आधी मामंजींना घ्या. हवालदार खालून ओरडले, "गप चढ, पोरी." आम्ही तिला ओढू लागलो. दोर एकच होता. ती वर येईपर्यंत दस्तगीरच्या अंगाला काही बांधलेलं नव्हतं. एका हाताने त्याने कडी धरली होती आणि दुसऱ्या हाताने हवालदारांचं मनगट.

मी वरून सांगितलं, "दस्तगीर, कडी सोड. मानूस धर."

त्याने कडी सोडली आणि दोन्ही हातांनी त्यांना धरलं. हवालदारांचा एक पाय कट्ट्यावर आला. त्याच वेळी काहील भरली, उलटली, आणि तिची कड दोघांच्या पायांवर आली. तातोबाने दोर टाकला तो रिकाम्या कट्ट्यावर पडला. आम्ही पुलाच्या दुसऱ्या बाजूला धावलो. पाण्यात एक हात दिसला. पुन्हा दिसला नाही.

कॅप्टनसाहेब ट्रॉलीवरून आले तेव्हा शंकर माझ्या खाटेवर होता. त्यांनी फडकं उचलून जखम पाहिली. गोळीची जखम कुणालाही ओळखता येते. त्यांनी विचारलं की फायर का केलं नाही. मी म्हणालो, "साहेब, हाथ ऊपर थे." त्यांनी पोलिसांना फोन लावला. शंकरला त्याच ट्रॉलीवरून इस्पितळात नेलं, हातात बेड्या घालून. पाय वाचला, पुढे तुरुंगात गेला, सेहेचाळीसमध्ये सुटला. माझी चौकशी झाली. माझ्या फिती काढून मला शिपाई केलं. तातोबाला आणि इतरांना काही झालं नाही, कारण हुकूम माझा होता. ते योग्यच झालं.

दस्तगीर तिसऱ्या दिवशी खालच्या गावात सापडला. मिरजेत दफन झालं. हवालदार सापडले नाहीत.

स्वातंत्र्यानंतर शंकरच्या गावाने लढ्यात पडलेल्यांचा दगड बसवायचं ठरवलं. मला बोलावणं आलं. हवालदार दौलूंचं नाव यादीत होतं. मी दस्तगीरचं नाव घाला म्हणालो. पलटणीच्या मेलेल्यांच्या यादीतही त्याला जागा मिळाली नव्हती, कारण तो आघाडीवर पडला नव्हता. बैठकीत एकजण म्हणाला की तो इंग्रजांचा शिपाई, आपल्या दगडावर कसा? काही माना हलल्या. हौसाबाई दाराशी बसल्या होत्या. त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "पान्यात कुनाची पलटन ते दिसत न्हवतं. हात दिसत व्हता." नाव घातलं.

दगड बसला त्या दिवशी मी दस्तगीरच्या आईला मिरजेहून घेऊन गेलो. त्यांना वाचता येत नव्हतं. वरचं नाव हवालदारांचं, खालचं दस्तगीरचं, असं मी सांगितलं. मग इतक्या वर्षांत न विचारलेली गोष्ट त्यांनी विचारली.

"तुम भेजे थे क्या उसको?"

"नहीं, अम्मा. हुकूम नहीं था. अपने से गया."

त्यांनी मान हलवली. "तो ठीक है," म्हणाल्या, आणि पदराने दगडावरची धूळ पुसली. दोन्ही नावांवरची.