गिरडच्या बसमधलं अस्वल

सहा वर्षांची होईपर्यंत माझ्या मुलीने एकही घास स्वतःच्या हाताने खाल्ला नव्हता, आणि याला सर्वस्वी एक अस्वल जबाबदार होतं.

हे अस्वल रोज संध्याकाळी बोरगाव मेघेच्या आमच्या घरातून निघून वर्ध्याला गिरडची बस पकडायचं. अस्वल मी, कंडक्टर मी, खिडकीच्या जागेसाठी भांडणारी म्हातारीही मीच. प्रत्येक थांब्याला एक घास. मी "चला, हिंगणघाट," म्हटलं की मुलीने आ करायचा. "जाम, जाम," की पुन्हा आ. गावं कमी पडली तर मी कोणाच्याही शेतात बस थांबवायचो. समुद्रपूर येईपर्यंत ताट साफ. गिरडला मात्र अस्वल कधी पोचलंच नाही, कारण ते पोचलं असतं तर दुसऱ्या दिवशी जेवलं कोण असतं?

शाळेचा डबा तेवढा भरलेला परत यायचा. मॅडमनी डायरीत लिहिलं, 'घरी हाताने जेवायची सवय लावा.' मी खाली लिहिलं, 'दुपारी ती तुमच्याकडे असते, शाळेने लावावी.' त्यांनी लिहिलं, 'मुलगी तुमची आहे.' मी लिहिलं, 'विद्यार्थिनी तुमची आहे.' अशी तीन पानं भरली. माझं अक्षर त्यांच्यापेक्षा चांगलं होतं, त्यामुळे मीच जिंकतोय अशी माझी समजूत होती.

मग सहल निघाली. तीही गिरडच्या टेकडीवर. मुलीने घर डोक्यावर घेतलं. मॅडमनी मला आणि बायकोला बोलावून शांतपणे सांगितलं, "मी आणि मावशी दोघीच सोबत आहोत. जी मुलं आपल्या हाताने जेवतात तीच नेता येतील. तुमची मुलगी डबा उघडते, तोंड उघडते आणि काय म्हणते माहिती आहे? 'मॅडम, बस सोडा.'"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचा नकाशा पाहू लागलो.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आता फुगून काऊन राह्यले? डायरी बस झाली. सहलीले आठ दिवस आहेत. जेवताना तोंड बंद ठेवा."

माझ्यासारख्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही. पहिल्या संध्याकाळी मुलगी आ करून बसली. मी तोंडात पाण्याची गुळणी धरून बसलो.

"आई, बाबांले काय झालं?"

"घसा बसला त्यांचा."

तिने दोन दिवस वाट पाहिली. दूध पिऊन झोपली, पण घासाला हात लावला नाही. रात्री बायकोचाही चेहरा उतरलेला होता. तिसऱ्या दिवशी वांग्याची भाजी होती, वास घरभर. मुलीने पोळीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, हवेत थांबवला आणि थेट माझ्या आवाजात म्हणाली, "चला, हिंगणघाट." घास आत. पुढे म्हातारी भांडली, कंडक्टर ओरडला, ताट अर्धं झालं. मध्ये तिने समुद्रपूर जामच्या आधी आणलं. मी चूक सुधारणार तोच बायकोने माझ्या गुडघ्यावर उलथनं मारलं.

मुलगी सहलीला गेली. संध्याकाळी परत आली ती धुळीने माखलेली, आणि डबा इतका स्वच्छ की मी तो शेजाऱ्यांना उघडून दाखवला.

डायरीत मॅडमनी लिहिलं होतं, 'मुलीने डबा स्वतः संपवला. भाजी न खाणाऱ्या दोघांनाही खायला लावली. पण तिची बस समुद्रपूरलाच उभी आहे. अस्वल गिरडला पोचलं का, हे सगळा वर्ग मला विचारतो आहे आणि मला उत्तर येत नाही. कृपया घरून शिकवून पाठवावे.'

मी ते दोनदा मोठ्याने वाचलं, दुसऱ्यांदा मॅडमच्या आवाजात. मग पेन उघडलं.

"एकच ओळ लिवजा," बायको म्हणाली.

मी चार पानं लिहिली.