चिकाचे डाग

वटारला आमच्या वाडीवर तो फोटोग्राफर मीच आणला होता. वसईतली माणसं, वाड्या, जुने पेहराव यांचं जाडजूड पुस्तक तो करत होता. माणिकपूरला माझ्या ऑफिसात त्याची ओळख झाली आणि मला अक्कल पाजळायची हुक्की आली. म्हटलं, "अस्सल वाडीतलं माणूस हवंय ना? माझी आई बघा."

आई केळीची पानं कापत होती. अंगावर कामाचं लुगडं, त्यावर चिकाचे काळे डाग. केळीच्या चिकाचा डाग कितीही धुतला तरी जात नाही, म्हणून वाडीत बाया जुनेरंच नेसतात. कॅमेरा दिसताच तिनं कोयता खाली ठेवला.

"थांब जरा रे. तुझ्या मामानं दिलेलं नेसून येते."

ते जांभळं लुगडं तिनं इतकी वर्षं जपलं होतं, पण कधी घडी मोडली नव्हती. फोटोग्राफर म्हणाला, "नेसू द्या की, मी थांबतो." मीच आडवा आलो. "काही नको आई, हेच खरं आहे. आणि उजेड जाईल." उजेडातलं मला काय कळत होतं, कपाळ! ती जमतील तेवढे डाग हातांनी झाकून उभी राहिली.

पुस्तक आलं, तेव्हा मी मोठ्या कौतुकानं ते तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं पदराला हात पुसून पानं उलटली. आधी शेजारची म्हातारी निघाली, सगळे दागिने घालून, केसांत फुलं माळून. तिच्यासाठी फोटोग्राफर थांबला होता. पुढच्या पानावर आई. लुगड्यावरच्या एका डागावर तिनं बोट ठेवलं, नखानं जरासं खरवडून पाहिलं आणि पुस्तक मिटलं.

"बरं आलंय," म्हणाली.

नंतर जूचंद्रची मावशी आली. तिला डोळ्यांनी कमी दिसतं. पुस्तक चाळता चाळता तिनं विचारलं, "ही कोण गं?"

"कोण की. वाडीत कामाला येते ती," आई म्हणाली.

मी दारातच होतो. मला वाटलं, गंमत करतेय, आणि मी मोठ्यानं हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. माफी मागायची, तर तिच्यासमोर तो विषय काढायचं धाडस माझं शेवटपर्यंत झालं नाही.

यंदा आई गेली. बाईला शेवटचं लुगडं माहेरचं नेसवायचं, अशी आमच्याकडे रीत. मामा कधीच गेलेला, पण त्याचं लुगडं कपाटात तसंच होतं. बायांनी दार लोटून घेतलं. बाहेर माणसं खोळंबली होती. अंधार पडायच्या आत निघायला हवं, आत जाऊन सांग, असं कोणीतरी मला म्हणालं.

मी दाराशी गेलो. आतून बहिणीचा आवाज आला, "थांब जरा रे. मामानं दिलेलं नेसवतोय."

उजेड जात होता. मी दाराला पाठ लावून उभा राहिलो आणि कोणालाही आत जाऊ दिलं नाही.