मोठ्या इंजिनाची तहान

उदगीरहून निघालो तेव्हा आमची गाडी चालत नव्हती. मालकांनी (माझ्या नवऱ्यानं) ती एका ट्रकमागं दोरखंडानं बांधली होती. ते स्टिअरिंगवर, मी शेजारी, माझ्या पायाशी एक धोंडा. हँडब्रेक धरत नव्हता, म्हणून ट्रक थांबला की उतरून चाकाला धोंडा लावायचं काम माझं. तेवढ्यासाठीच पोरं घरी ठेवून मला नांदेडला नेलं.

गाडी जुनी ॲम्बॅसिडर. लातूरचा नवा जिल्हा झाल्यापासून कचेरीच्या कामाची माणसं तिकडं जाऊ लागली होती आणि मालकांना भाडी मिळत होती. मग तिचं पेट्रोलचं इंजिन जाम होऊन बंद पडलं. गाडी बंद म्हणजे आमची चूल बंद. नांदेडला मोडीतल्या मेटॅडोरचं मोठं डिझेल इंजिन मिळत होतं, ते बसवायचं ठरलं.

मुखेडपर्यंत ट्रकचा धुरळाच खाल्ला. शिवारात हिरवं काही नव्हतं. नांदेडला गोदावरी पहिल्यांदा पाहिली. वाळू पुष्कळ, पाणी मधोमध थोडं. तरी लोक त्यात उभे राहून अंघोळ करत होते, त्याचंच मला नवल.

गॅरेजवाले सलीमभाई बोलत कमी. त्यांनी साखळीनं जुनं इंजिन वर ओढलं. नवं लांबीला जास्त, आत मावेना. मग त्यांनी लोखंड कापलं, वेल्डिंग केलं, रेडिएटर पुढं सरकवला. काम होईपर्यंत आम्ही गुरुद्वाऱ्याच्या लंगरात जेवलो. पंगतीत कोण कुठला, कुणी विचारत नाही. पाणी वाढणारा पुन्हा पुन्हा येत होता. मी पोट दुखेपर्यंत पाणी प्यायले.

निघताना सलीमभाई मला म्हणाले, "भाभी, इंजन बडा, रेडिएटर छोटा. पानी मांगेगी. मैं बोला तो इनो सुनते नै."

"भाडी सुरू झाली की टाकू मोठा," मालक म्हणाले.

कंधार सोडलं आणि इंजिनाच्या गरमीचा काटा वर चढला. बॉनेटमधून वाफ निघाली. इंजिन जळलं असतं तर दुसरं घ्यायची ऐपत नव्हती. जवळचं पाणीही संपलं होतं.

"पाणी माग जा," मालक म्हणाले. "बाईमाणसाला कोण न्हाई म्हणत न्हाई."

मला शेजारणीकडं मीठ मागता येत नाही. पण लांब निळा झेंडा दिसला. आपल्या लोकांची वस्ती, म्हणून पाय उचलले.

हातपंपावर बाया रिकाम्या हंड्यांपाशी बसल्या होत्या. पंपाला गाळ येत होता.

"माय, पाणी पायजे होतं."

"पी की. घरातलं देते," एक म्हातारी म्हणाली. तिला सगळ्या गयाबाई म्हणत होत्या.

"प्यायला न्हाई. गाडीला."

बाया हसल्या. "आमी म्हशी इकल्या तान भागंना म्हणून, आन हिची गाडी तान्हेली हाय!"

गयाबाई हसली नाही. "किती हंडे मावतेत गं तुझ्या गाडीत?"

माळापलीकडं बारव (पायऱ्यांची विहीर) होती. तिथून डोक्यावर पाणी आणण्यात त्यांचा दिवस जाई. आमच्या गाडीनं त्यांच्या हंड्यांची एक खेप करायची, मग गाडीला हवं तेवढं पाणी, असं गयाबाईनं सांगितलं. मी "करू" म्हणाले. मालकांना विचारलं नव्हतं.

बायांना घेऊन गाडीपाशी आले तर ते भडकले. "येडी झालीस? इंजिन जळलं म्हंजे?"

"मी सबूद दिलाय," मी म्हणाले. चार माणसांत त्यांच्यापुढं मी पहिल्यांदाच बोलले असेन.

गयाबाईनं घरातली कळशी आणली. इंजिन निवल्यावर सगळी रेडिएटरात ओतली. "पळून गेलात तर आमचं नशीब," म्हणाली.

बारवेवर बायांनी हंडे भरून गाडीत लावले आणि त्या पायवाटेनं पुढं निघाल्या. गाडीचं बूड खाली बसलं. चढावर काटा पुन्हा वर गेला. मालकांनी गाडी थांबवली, मी उतरून धोंडा लावला.

मागं हंडेच हंडे. आजूबाजूला कुणी नाही.

"एक घेऊ," मालक म्हणाले. "कुणाला कळतंय?"

"निवू द्या."

"उन्हात कवा निवंल?"

"निवंल तवा निवंल."

मी मागच्या दाराला पाठ लावून उभी राहिले. ते खाली गाडीच्या सावलीत बसले आणि टोपीनं वारा घेत राहिले. बऱ्याच वेळानं उठून त्यांनी बॉनेटला हात लावून पाहिला.

वस्तीवर पोचलो तर बाया वाटेकडं डोळे लावून उभ्या. "लई येळ लावला," गयाबाई म्हणाली. हंडे उतरले. तिनं रेडिएटर भरला, वर पाण्यानं भरलेला एक डबाही दिला. वाटेत दोनदा थांबलो, तो सगळा लागला.

उदगीरला गल्लीतली माणसं इंजिन बघायला जमली. किती जोर आहे, डिझेल किती खातं, सगळं विचारून झालं. मालक खुशीत सांगत होते. मी आत जाऊन आडवी झाले.

दुसऱ्या दिवशी लातूरचं भाडं लागलं. दारात टँकरचं पाणी घेताना मालकांनी गाडीसाठी तो डबा पुढं केला. मी पोरांचं भरून घेतलं, मग गाडीचं. आता रोज तसंच करते. उरेल ते आमचं दोघांचं.