सासूबाईंना हवं असलेलं स्वप्न

“हिच्या डोक्याला परत तेल लावलंत?” मी विचारलं. आवाज जरा चढलाच.

“लावू नको तर काय? डोकं थंड नसेल तर स्वप्न कसं पडेल, अण्णा?” पेशंटच्या सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

साठच्या दशकाची सुरुवात होती. बेंगळूरच्या एका इस्पितळात मी दिवसा ई.ई.जी. मशीन चालवायचो आणि संध्याकाळच्या कॉलेजात बी.एस्सी. करायचो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मोठ्या माणसांशी वाद घालताना जीभ अडखळायची. ई.ई.जी. म्हणजे डोक्याला तारा चिकटवून मेंदूतल्या विजेच्या लहरी कागदावर उमटवणं. तेलकट केसांत तारा टिकत नाहीत. मशीनची पेनं नुसती थरथरतात.

पेशंट होती सुशीला. चिकपेटमधल्या कापडवाल्यांची सून, नवऱ्याची दुसरी बायको. तिला झटके यायचे. डॉक्टरांना फिट्सचा संशय होता. फिट्सच्या खुणा झोपेत जास्त दिसतात, म्हणून ‘जागरण करवून आणा, इथे झोपवू’ असं सांगितलं होतं. सासूबाईंनी अर्थ लावला, की मशीन स्वप्न लिहून घेतं. वारलेली पहिली सून हिच्या स्वप्नात येऊन ‘माझ्या घरातून जा’ म्हणते, त्यानेच झटके येतात, अशी त्यांची खात्री. स्वप्न नीट उमटावं म्हणून त्या हिला तेलानं न्हाऊ घालून, छान झोपवून आणायच्या. दोन्ही खेपांना तेच.

“अम्मा, मशीनला स्वप्न कळत नाही.”

“मग एवढ्या तारा कशाला? ती जा म्हणत असेल तर हिला आजच होसूरला माहेरी पोचवते. कळलं नाही तरी पोचवते. सरी, ठीक आहे, करा तुमचं काय ते.”

सुशीला खाली बघत होती. मी डॉक्टरांकडे गेलो, तर ते आणखी उत्साहात. स्वप्न बघताना माणसाचे डोळे पापण्यांआड हलतात, असं त्यांनी नुकतंच वाचलं होतं.

“डोळे हलले की उठवू. स्वप्न विचारू!”

“सर, आधी फिट्सचं बघू या ना?”

“दोन्ही बघू की.”

मी आयाकडून सुशीलाचं डोकं साबणानं दोनदा धुऊन घेतलं. झोपेचं औषध दिलं. ती झोपली आणि थोड्याच वेळात कागदावर टोकदार काटे उमटले. फिट्सच होत्या. मला हायसं वाटलं.

डॉक्टरांनी दारातच सासूबाईंना मोठ्यानं समजावलं, “फिट्स आहेत. रोज गोळ्या घेतल्या की आटोक्यात येतील.”

“गोळ्या राहू देत. स्वप्नाचं बोला.”

त्या आवाजानं कागदावरच्या सुशीलाच्या लहरी बदलल्या. माणूस जागा असून नुसता डोळे मिटून पडला, की येतात तशा झाल्या. मी सांगणार, तेवढ्यात डॉक्टरांनी सुशीलाला हलवलं. “स्वप्न पडलं का?”

“पडलं,” ती डोळे चोळत म्हणाली. “आधीच्या अक्का आल्या होत्या. म्हणाल्या, डॉक्टरांच्या गोळ्या वेळेवर घे. आणि त्या गोळ्या अत्तेंनीच, सासूबाईंनीच, स्वतःच्या हातानं द्यायच्या.”

सासूबाई पुढे आल्या. “तीच गं बाई ती! जिवंतपणीही मला असेच हुकूम सोडायची.” मग माझ्याकडे वळल्या. “अण्णा, कागदावर हेच आलंय ना?”

“बोलणं कागदावर उमटत नाही, अम्मा.”

“तुम्हाला सगळं कुठे कळतंय!” असं म्हणून त्यांनी सुनेचे ओले केस पुसायला घेतले.

सुशीला होसूरला गेली नाही. सासूबाई रोज स्वतःच्या हातानं गोळ्या देत. झटके हळूहळू कमी झाले.

डॉक्टर मात्र या स्वप्नावर लेख लिहायला निघाले होते. शेवटी मी भीत भीत कागदाचा, लहरी बदलल्या होत्या तो तुकडा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो बघितला आणि लेखाची वही मिटली. “रिपोर्टात फक्त फिट्स लिहा,” एवढंच म्हणाले.

मशीनवर स्वप्न टिपता येतं का, असं लोक मला अजून विचारतात. ते मला माहीत नाही. माणूस जागा आहे की झोपलेला, हे मात्र कागद सांगतो. पण ते कुणी विचारत नाही.