चिठ्ठीवाली आत्या आणि मास्तरांची जीभ

आमच्या आत्याचं दुकान म्हणजे एका खोलीचा पुढचा अर्धा भाग. मध्ये पडदा, पडद्यामागं तिची खाट, स्टोव्ह आणि टीव्ही. डावीकडच्या फळीवर झटपट खायचं सामान: सुपाची पाकिटं, नूडल्स, डब्यातले मटार, डब्यातली मासळी. उजवीकडच्या फळीवर करमणूक: भाड्यानं द्यायच्या व्हिडिओ कॅसेटी, पत्त्यांचे जोड, सापशिडीचे पट. कामावरून दमून आलेलं माणूस दोन्ही फळ्यांवरून एकेक नग उचलायचं आणि घरची वाट धरायचं. पोटाची आणि संध्याकाळची सोय एकाच पिशवीत.

अशी दुकानं त्या रस्त्याला आणखी दोन होती. पण गिऱ्हाईक आत्याकडं वळायचं ते चिठ्ठ्यांमुळं. सोमवारी दुकान बंद. त्या दिवशी नवं आलेलं प्रत्येक पाकीट ती स्वतः शिजवून खायची, खाता खाता नवी कॅसेट बघायची, आणि बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर आपलं मत लिहून फळीला डकवायची. भीडभाड नाही. ‘चौघांना पुरतं असं छापलंय. चौघं आजारी असतील तर पुरेल.’ ‘मटार बरे. डब्यातलं पाणी फेकू नका, चव त्यातच आहे.’ कॅसेटींनाही सुट्टी नाही. ‘पहिला अर्धा तास पुढं ढकला.’ ‘सासूबरोबर बघू नये.’ एका सिनेमावर तर नुसतंच, ‘भांडी घासताना बरा.’

सुपाच्या कंपनीचा माणूस एकदा कुरकुरला, “बाई, असं लिहिलंत तर माल खपायचा कसा?”

“तुम्ही नीट बनवा, मी नीट लिहीन,” आत्या म्हणाली आणि त्याला तेच सूप पाजलं. त्यानं अर्धा कप तसाच ठेवला. तिनं तेही चिठ्ठीत घातलं.

समोरच्या गाळ्यात टेलर मास्तर बसायचे. बायको गेली तेव्हा त्यांना चहापलीकडं काही करता येत नव्हतं, आणि पोटात जुना व्रण. तिखट पोटात गेलं की दोन दिवस आडवे. ते आत्याच्या पाकिटांवरच जगत होते म्हणा ना. ज्यात तिखटाचा कणही नाही त्या चिठ्ठीवर आत्या निळ्या खडूनं टिंब काढायची. खडू मास्तरांचाच, कापडावर खुणा करायचा. ते टिंब कुणासाठी, हे सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं.

एका वर्षी आत्या तापानं फणफणली. पंधरा दिवसांनी उठली तर जिभेवरची चव गेलेली. साखर खाल्ली काय, वाळू खाल्ली काय, सारखंच. तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? खाऊन बघितलंय, हेच तर तिचं भांडवल. ते गेलं की आणखी दोन दुकानं होतीच.

तीन सोमवार तिनं नुसतंच गिळलं आणि पाकिटावरचं चित्र बघून चिठ्ठ्या लिहिल्या. तिसऱ्या सोमवारी मक्याचं नवं सूप आलं. पाकीट पिवळंधमक, वर सायीचा गोळा. तिनं लिहिलं, ‘मऊ, दुधाळ, पोटाला थंड.’ आणि निळं टिंब दिलं.

मास्तरांनी ते सूप आणि एक विनोदी सिनेमा नेला. दुसऱ्या दिवशी शिलाई मशीन वाजलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. तिसऱ्या सकाळी ते रिकामं पाकीट घेऊन आले. तोंड एवढंसं झालेलं.

“बाई, हे तुम्ही खाल्लं होतं?”

“खाल्लं होतं.”

“सगळं?”

“वाडगा चाटून.”

“यात पांढरी मिरी दाबून भरलीय. तुम्हाला लागली नाही?”

कंपनीवर ढकलून मोकळं होता आलं असतं. दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी होती. आत्यानं हात पदराला पुसले. “मास्तर, महिना झाला, मला काहीच लागत नाही. मीठसुद्धा.”

“मग चिठ्ठ्या?”

“चित्र बघून.”

मास्तर स्टुलावर टेकले. “चित्र बघून मी लग्न केलं होतं, ते निभलं. हे नाही निभलं.”

आत्यानं त्या तीन सोमवारच्या चिठ्ठ्या सगळ्यांदेखत उचकटल्या. दारावर मोठा पुठ्ठा लावला: ‘माझी चव गेली आहे. या महिन्यातल्या चिठ्ठ्या खोट्या. नेलेलं परत आणा.’ लोकांनी आणलं. काहींनी रिकामे डबेही आणले. आठवडाभरात डाव्या फळीकडं कुणी फिरकेना आणि आत्या ती काढून टाकायला निघाली.

“डोळे शाबूत आहेत ना?” मास्तर म्हणाले. “मग सिनेमे तुम्ही बघा. चाखायला मी येतो.”

“आणि परत आडवे झालात तर?”

“चमच्याच्या टोकानं चाखीन. तिखटाचा माझ्याइतका जाणकार या रस्त्यावर दुसरा कोण आहे?”

तेव्हापासून सोमवारी मास्तर पडद्याआड स्टुलावर बसून चाखायचे आणि आत्या लिहायची. त्यांना खाण्याची भाषा येत नव्हती, शिवणकामाची येत होती. ‘सूप ढगळ आहे, पाणी वाटीभर कमी घाला.’ ‘मीठ काखेत काचतं.’ ‘मासळीला अस्तर लावलंय, वरचं तेल काढा.’ लोक आता चिठ्ठ्या वाचायलाच येऊ लागले. डावी फळी पुन्हा खपू लागली.

आता त्या कॅसेटी लावायचं यंत्रही कुणाकडं उरलं नाही. आत्याही नाही. मास्तर भेटले तेव्हा मी विचारलं, तिची चव परत आलीच नाही का?

“आली की,” ते म्हणाले. “सहा महिन्यांत. सूप गिळताना तिनं तोंड वाकडं केलं, मी बघितलं.”

“तुम्हाला सांगितलं तिनं?”

“छे.”

“आणि तुम्ही?”

“मी काय? म्हणालो, जरा ढगळ आहे. तिनं लिहून घेतलं.”